शेर, पायली आणि किलो : आपल्या भागातील मापांची हकीकत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक भगिनींनी केली, तेव्हा प्रथम मनात आले ते नेहमीचेच विषय. शिरूरची जुनी लष्करी छावणी, दौंडचे रेल्वे जंक्शन, रांजणगावचा गणपती. हे विषय चांगलेच आहेत. परंतु त्यांवर पूर्वी पुष्कळांनी लिहिले आहे. शिवाय छावणीशी किंवा आगगाडीशी आपल्या आज्या-पणज्यांचा संबंध तो कितीसा? त्यांचा रोजचा संबंध वाण्याच्या दुकानाशी आणि आठवडे बाजाराशी. पदराच्या गाठीला बांधलेल्या चार आण्यांत किती मीठ, किती तेल, किती डाळ घरात येते, यावर त्यांचा संसार चाले. तेव्हा त्या चार आण्यांना किती मिळत असे आणि ते मोजत कसे, याची हकीकत लिहावी असे ठरविले. आणखीही एक कारण आहे. गेली काही वर्षे आपले मंडळ स्वतःच दिवाळीला फराळाची पाकिटे करून विकते. पूर्वी आपण काट्याच्या अलीकडे उभ्या असू, आता पलीकडेही उभ्या आहोत.

जुनी मापे दोन प्रकारची. धान्य मापाने भरून द्यावयाचे आणि गूळ, तूप, मसाला तराजूने तोलून द्यावयाचा. मापाचा क्रम असा : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पुढे बहुधा बारा पायल्यांचा मण (काही ठिकाणी सोळांचाही) आणि वीस मणांची खंडी. तोलण्याचा हिशोब निराळा : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांची छटाक, चार छटाकांचा पावशेर, ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर. म्हणजे शेर हे नाव एक, पण भरण्याचा शेर वेगळा आणि तोलण्याचा वेगळा. त्यातही पक्का निराळा, कच्चा निराळा. भरण्याच्या मापात तर हाताची करामत मोठी. माप काठोकाठ भरावयाचे की वर शीग चढवावयाची, भरताना हलवून दाबावयाचे की हलक्या हाताने ओतावयाचे, यावर मूठ-दोन मुठींचा फरक सहज पडे. आणि हा फरक ज्याच्या हाती माप त्याच्याच बाजूने पडे, हे सांगावयास नकोच.

यातले एक माप मात्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. नव्या सुनेने उंबऱ्यावरचे तांदळाने भरलेले माप उजव्या पायाने लवंडून घरात यावे, ही रीत आजही चालू आहे. बाजारातून त्या मापाची केव्हाच हकालपट्टी झाली. उंबऱ्यावर ते अजून मानाने बसले आहे.

दौंडचे लोक या बाबतीत आणखी घोटाळ्यात होते. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन बनले. रेल्वेचा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. जुना मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा. आणि आसपासच्या खेड्यांतला मण तर पायल्यांचा, तो तोलावयाचाच नव्हे. एकाच गावात फलाटावर एक मण, पेठेत दुसरा आणि खळ्यावर तिसरा! ज्याला तिन्ही मण ठाऊक, तो व्यापारी. ज्याला एकच ठाऊक, तो शेतकरी.

शेतकरी आणि सावकार-दुकानदार यांच्यातील अविश्वासाचा इतिहास आपल्या भागात फार कडू आहे. शिरूर तालुक्यातील कर्डे गावी १८७४ च्या डिसेंबरात दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापायी एका सावकाराने तेथील देशमुखांचे घर पाडविले. गावकऱ्यांनी मग सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे पाणी कोणी भरीना, त्यांची हजामत कोणी करीना, त्यांच्या दुकानात कोणी जाईना. पुढल्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात हेच दख्खनचे दंगे. लोकांनी माणसांपेक्षा कर्जखतांवर हात टाकला. खते मिळाली ती जाळली. भांडण मुख्यतः कागदाचे होते, मापाचे नव्हे, हे खरे. परंतु देताना लहान माप आणि परत घेताना मोठे, ही तक्रार आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकली आहे, आणि कागद व माप ही दोन्ही त्यांच्याच हाती, असाच तिचा सूर असे. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि कर्जव्यवहार लेखी व नोंदलेला असावा, पैसे पोचल्याची पावती द्यावी, असे बंधन सावकारांवर आले. न्यायमूर्ती रानडे या कायद्याच्या कामासाठी गावोगाव फिरत आणि रमाबाई त्यांच्याबरोबर असत. व्यवहारात काय ठरले ते लिहिलेले पाहिजे आणि दुबळ्या बाजूलाही ते दिसले पाहिजे, हे तत्त्व आपल्या भागात या कायद्याने आले. बाजारातल्या पुडीवर ते उतरावयास मात्र आणखी शंभर वर्षे लागली.

गंमत अशी, की किलो आपल्याकडे १८७१ सालीच यावयाचा होता. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना त्या वर्षी कायदा झाला, आणि त्यात शेर म्हणजे बरोबर एक किलोग्रॅम असे ठरले होते. १८७२ च्या फेब्रुवारीत अंदमानात मेयोसाहेबांचा खून झाला आणि तो कायदा कागदावरच राहिला. तो अमलात आला असता तर कदाचित आज आपण किलोला शेरच म्हणत असतो, आणि पुढची पुष्कळ फसवणूक टळली असती. पुढे १९३२ साली मुंबई इलाख्याने आणि १९३९ साली हिंदुस्थान सरकारने वजनांचे कायदे केले. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे प्रमाण ठरले. तरीही स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात शंभराहून अधिक वजनपद्धती चालू होत्या.

म्हणून संसदेने १९५६ साली वजने व मापे यांचा कायदा केला आणि दशमान पद्धत स्वीकारली. लगेच १९५८ मध्ये मुंबई राज्याने अंमलबजावणीचा स्वतंत्र कायदा केला. वजनांच्या आधी पैसे बदलले, आणि याची आठवण जुन्या मंडळींना अधिक आहे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, इथपर्यंत हिशोब सरळ. पण एका आण्याचे सव्वासहा येतात, ते सहा धरावयाचे. जुन्या एका पैशाचे दीडाहून किंचित जास्त येतात, ते दोन धरावयाचे. आता पाहा. जी बाई आण्याची वस्तू घेई, तिला सहा नवे पैसे पडत. जी गरीब बाई तीच वस्तू चार वेळा पैशापैशाची घेई, तिला आठ पडत! मोठ्या खरेदीत हा फरक दिसतही नसे. पैशाची हळद, पैशाचे जिरे घेणारीला मात्र तो रोज भरावा लागे. कायदा करणारे विद्वान होते, त्यांचे कोष्टकही गणिताने चुकलेले नव्हते. परंतु त्यांपैकी कोणी पैशाचे जिरे आणावयास गेले असेल असे वाटत नाही. पुढे १ जून १९६४ रोजी ‘नवा’ हा शब्द गेला आणि पैसा नुसता पैसा राहिला.

वजने टप्प्याटप्प्याने बदलली. १ ऑक्टोबर १९५८ पासून काही ठरावीक भागांत आणि व्यापारांत सुरुवात झाली. जुने-नवे काही काळ बरोबर चालू द्यावयाचे, मग जुने बंद, अशी योजना होती. १ एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतीत सर्व देशात किलो-ग्रॅमच कायदेशीर राहिले. मी तेव्हा शाळेत नुकतीच जाऊ लागले होते. वर्गात भिंतीवर कोष्टक टांगलेले असे आणि आम्ही ते सुरात म्हणत असू : छटाक म्हणजे ५८ ग्रॅम, पावशेर २३३, अर्धा शेर ४६७, शेर ९३३. घरी येऊन आजीला ते म्हणून दाखविले की ती विचारी, “बाई, हे सगळे खरे, पण मग डाळ महागली की स्वस्त झाली?”

आजीच्या प्रश्नाचे उत्तर कोष्टकात नव्हते. उदाहरणादाखल, डाळ आठ आणे शेर असेल तर किलोला साधारण ५४ नवे पैसे पडावयास हवे, कारण किलो हा शेराहून सुमारे सहा तोळ्यांनी मोठा. दुकानदाराने ५६ सांगितले तर ‘किलो मोठा असतो, बाई’ हे त्याचे म्हणणे खरेच. पण किती मोठा, हे त्या गर्दीत मोजणार कोण? दुसरी तऱ्हा याहून सोपी होती. भाव किलोचा सांगावयाचा आणि पारड्यात जुना शेर टाकावयाचा. किलोमागे ६७ ग्रॅम, पाव किलोमागे जवळजवळ १७ ग्रॅम कमी. रोज पाव किलो जिन्नस आणणाऱ्या घरात महिन्याकाठी अर्धा किलो माल आलाच नाही, आणि पैसे मात्र गेले.

हे ओळखता यावे म्हणून सरकारने एक युक्ती केली, ती मला फार आवडते. नवी लोखंडी वजने षट्कोनी केली. जुनी बहुधा गोल असत. वाचता न येणाऱ्या बाईलासुद्धा पारड्यात सहा कोनांचे वजन आहे की नाही, हे लांबून दिसावे! या वजनांत एक भोक ठेवून त्यात शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का उमटवितात. पोटातले शिसे काढून वजन हलके केले तर शिक्काही जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आपल्या देशाचा प्रमाण किलोग्रॅम ठेवला आहे, त्याचा क्रमांक ५७. त्यावरून खालची प्रमाणवजने, त्यांवरून निरीक्षकाची, आणि निरीक्षकाच्या वजनावरून वाण्याची, अशी ही उतरंड असते. या उतरंडीचे शेवटचे टोक म्हणजे बाजारात बसलेला भाजीवाला. त्याच्याकडे निरीक्षक वर्षाकाठी किती वेळा पोचणार? पारड्याखाली चिकटविलेले लोहचुंबक किंवा दांडीला बांधलेला पासंग पाहण्यास तेथे गिऱ्हाईकच असते.

नावांनी मात्र कायद्याला आजवर दाद दिलेली नाही. आजही शिरूरच्या बाजारात आपण “पावशेर मिरच्या दे” असेच म्हणतो आणि पाव किलो घेतो. बोलण्यात हे चालते. लिहिण्यात चालत नाही. सध्याचा कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्याप्रमाणे भाव सांगणे, भावफलक, पावती, जाहिरात, सर्व काही प्रमाण एककांतच हवे. तेव्हा पाटीवर ‘पावशेर’ लिहिणे नियमात बसत नाही. कापडाच्या दुकानात नऊवारी हे लुगड्याचे नाव खुशाल राहो, पण लांबी मीटरमध्ये सांगितली पाहिजे. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, एवढे पाठ करून ठेवावे. रांजणगावला औद्योगिक वसाहत झाल्यापासून जागांच्या जाहिराती चौरस फुटांनी नि गुंठ्यांनी भरलेल्या दिसतात. तेथे कायद्याची आठवण कोणाला होते, कोण जाणे!

सोन्याच्या बाबतीत भगिनींनी विशेष सावध राहावे, म्हणून थोडे विषयांतर करते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम समजतात. आजीच्या लग्नाच्या यादीत ‘पाटल्या, पाच तोळे’ असे लिहिले असेल तर त्या ५८ ग्रॅमच्या आहेत. कोणी ते पाच तोळे म्हणजे ५० ग्रॅम धरून हिशोब मांडला, तर आठ ग्रॅमहून अधिक सोने बोलता बोलता नाहीसे होते. बहिणी-बहिणींत वाटणी करताना किंवा दागिना गहाण ठेवताना यादी न वाचता काट्यावर ठेवून ग्रॅम लिहून घ्यावेत.

आता पाकिटावरच्या किमतीकडे वळू. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मिळविण्यात बायकांचा वाटा आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्या दोन्ही तालुक्यांना चांगलाच आठवतो. खडी फोडावयास गेलेल्या बाया, सुकडी, रेशनच्या दुकानापुढील रांगा. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी केली आणि लाटणी घेऊन मोर्चे काढले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. मालाची टंचाई असली की बंद डब्यात किती माल आहे आणि त्याची किंमत काय, हे दुकानदार सांगेल तेच खरे, अशी तेव्हाची स्थिती होती. १९७६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला आणि १९७७ साली आवेष्टित मालाचे नियम आले. बंद पाकिटावर मालाचे नाव, तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष आणि विक्रीची किंमत छापणे सक्तीचे झाले. प्रथम किमतीपुढे ‘कर वेगळे’ असे लिहिण्याची मुभा होती आणि त्या ‘वेगळे’ शब्दाखाली वाटेल ते खपत असे. १९९० च्या सुमारास सर्व करांसह कमाल किंमत छापावी, असा बदल झाला. आज आपण सहजपणे जिला एमआरपी म्हणतो, ती ही. तिच्याहून अधिक मागता येत नाही. कमी घेता येते, हे मात्र पुष्कळींच्या लक्षात येत नाही.

पूर्वी चहा, बिस्किटे, साबण अशा बऱ्याच वस्तूंच्या पाकिटांची वजनेही ठरवून दिलेली होती. २०२१ च्या दुरुस्तीने हे बंधन काढण्यात आले आणि त्याऐवजी दर ग्रॅमला किंवा दर किलोला किंमत किती पडते, ते छापावयास सांगण्यात आले. मला हा बदल पुरता पटलेला नाही. आता दहा रुपयांचे पाकीट दहाच रुपयांना राहते आणि आतला माल मुकाट्याने कमी होतो. दर छापलेला असतो हे खरे. परंतु किलोच्या आतील पाकिटावर तो ग्रॅमचा असतो आणि किलोहून मोठ्यावर किलोचा. समजा, ४० ग्रॅमचे पाकीट १० रुपयांना आहे, तर त्यावर ग्रॅमला २५ पैसे असे येईल. शेजारच्या दोन किलोच्या पिशवीवर किलोला २०० रुपये असे असेल. यांतले स्वस्त कोणते? पंचविसाला हजाराने गुणून रुपये करावे, म्हणजे २५० येतात आणि लहान पाकीट किलोमागे ५० रुपयांनी महाग आहे असे कळते. पण हा गुणाकार दुकानात उभ्याउभ्या करावा लागतो, तोही मजुरीवरून परतताना दहा रुपयांचेच पाकीट घेऊ शकणाऱ्या बाईने. सर्वच पाकिटांवर किलोचा दर छापला असता तर काय बिघडले असते? नव्या पैशाच्या वेळी जे झाले तेच येथे पुन्हा झाले.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. चकल्या आणि चिवडा घरगुती आहे, आपला हेतू चांगला आहे, म्हणून आपल्या पाकिटाला हे नियम लागत नाहीत, असा काही भगिनींचा समज आहे. तो बरोबर नाही. दौंडकडच्या गुऱ्हाळातून बांधून येणारी गुळाची किलोची ढेप काय, बचत गटाचे पापड काय किंवा मोठ्या कंपनीचे बिस्किट काय, विक्रीसाठी बंद केलेल्या पाकिटाला नियम एकच. चिठ्ठीवर वजन ग्रॅममध्ये हवे. ‘पाव किलो’ नव्हे, २५० ग्रॅम. ते निव्वळ हवे, म्हणजे पिशवीचे किंवा खोक्याचे वजन त्यात धरावयाचे नाही. मिठाईच्या दुकानात खोक्यासकट तोलतात म्हणून आपण दर दिवाळीला कुरकुर करतो, तेव्हा आपण तरी ते करू नये.

एक गोष्ट मला खटकते, ती स्पष्ट लिहिते. नियमाप्रमाणे हा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते, नुसती मराठी चालत नाही. आकडेही इंग्रजी वळणाचेच लागतात. आपले १, २, ३ पुरेसे होत नाहीत. आपल्या तालुक्यातल्या बाईने केलेला आणि आपल्याच तालुक्यातल्या बाईने घेतलेला चिवडा, त्याची चिठ्ठी दोघींच्या भाषेत असून अपुरी ठरावी, हे काही न्यायाचे वाटत नाही. यासंबंधी मंडळाने संबंधित खात्याकडे अर्ज करावा, असे मी सुचविते. अर्जाचे उत्तर येईपर्यंत मात्र दोन्ही भाषांत छापावे आणि दंडाला निमित्त देऊ नये.

आणि काटा. साध्या तराजूचे व वजनांचे मुद्रांकन दोन वर्षांनी करावे लागते, पण आपला काटा इलेक्ट्रॉनिक आहे, त्याची तपासणी दरवर्षी. यंदाच्या चकल्यांची भाजणी दळावयास टाकण्यापूर्वी कोणी तरी दोघींनी तो काटा निरीक्षकांकडे नेऊन आणावा. न्यावयास मी तयार आहे. सोबतीला एक जण हवी.